चर्चगेटच्या पुढे

मेट्रो चर्चगेटहून सुटली तेव्हा शेजारच्या बाई आपल्या सोबतिणीला म्हणाल्या, "चर्चगेटच्या पुढे गाडी! आजवर इथे कधी रेल्वे नव्हतीच गं." आवाजात खरा आनंद होता. बहुधा मंत्रालयात नोकरीला असाव्यात. रोज बोरिवली नाहीतर विरारकडून यायचं, चर्चगेटला उतरून भुयारी मार्गातल्या गर्दीतून वाट काढायची, वर आलं की शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं किंवा पावसात छत्री सांभाळत चालत सुटायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली असणार. आता ते सगळं अंतर गार डब्यात बसून दोन-तीन मिनिटांत सरत होतं. "होती हो, इथे विजेवर चालणारी लोकल होती, थेट कुलाब्यापर्यंत," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण तेवढ्यात विधान भवन आलं, दारं उघडली आणि दोघी हसत-बोलत गर्दीबरोबर उतरून गेल्या. ते वाक्य माझ्याजवळच राहिलं आणि तेव्हापासून ते मला सोडत नाही. त्या बाईंनी का म्हणून हे माहीत ठेवावं? जमिनीवर त्या गाडीची एकही खूण उरलेली नाही. चर्चगेटला रूळ संपतात आणि समोर रस्ता लागतो. लहानपणापासून हेच पाहिलेल्या माणसाला ती मुंबईची नैसर्गिक हद्दच वाटणार.

मला ती गाडी ठाऊक आहे ती बायोआत्यामुळे. ही माझ्या वडिलांची आत्या. तिचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं आणि तिचे वडील कुलाब्याला लष्करी हिशेबांच्या कचेरीत कारकून होते. सकाळी चर्नी रोडला गाडीत बसायचं आणि कुलाब्याला उतरायचं, हा त्यांचा नेम. एखाद्या रविवारी ते मुलांना घेऊन त्याच गाडीने कुलाब्याला जात. सामानसुमान, नातेवाइकांची नावं, घराचे नंबर, सगळं विसरायला लागली होती तेव्हाही बायोआत्याला ती गाडी स्पष्ट आठवायची. "उजव्या हाताला समुद्र," ती म्हणायची, आणि बसल्या जागी उजवा हात खिडकीबाहेर काढल्यासारखा लांब करायची. मरीन लाइन्सपासून पुढे पाणी इतकं जवळ की पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाकडी झडपा ओढून घ्याव्या लागत. तरी वाऱ्याबरोबर खारट ओल आत यायचीच आणि बाकांवर चिकटून बसायची. डाव्या हाताला ओव्हल, त्यापलीकडे राजाबाई टॉवर. कुलाब्याकडून परतताना डब्यात कोळणींच्या पाट्या, सुकटीचा वास, आणि नाकाला पदर लावणाऱ्या बायका. वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर पूर्वी काजळीचे ठिपके असायचे, डोळ्यांत कोळशाचा कण जायचा. विजेची गाडी आल्यावर ते थांबलं. हे सांगताना आपल्या आईचं धुण्याचं काम किती हलकं झालं, याचंच तिला अप्रूप होतं.

ती विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ ला सुरू झाली. कुलाबा ते बोरिवली. त्याआधी ३ फेब्रुवारी १९२५ ला जीआयपीने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी काढली होती. बीबीसीआय, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज, मागून आली, पण त्याच १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर. हा प्रवाह पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत आणि हार्बरवर २०१६ पर्यंत टिकला, तेव्हा माझ्या पिढीने त्याच विजेवर शाळा, कॉलेज, नोकऱ्या केल्या आहेत. जुनी डीसी लोकल सुटताना पायांखालून एक घरघर यायची, हळूहळू चढत जायची आणि वेग धरला की खिडक्यांच्या खडखडाटात मिसळून जायची. अजून कधी झोपेत ती मला ऐकू येते. गाड्या बदलल्या, मोटारी बदलल्या, तरी बायोआत्याने चर्चगेट सोडून कुलाब्याकडे जाताना जे ऐकलं असेल ते यापासून फार लांबचं नसावं, असं मी समजते. जिच्या रुळांचा एक तुकडाही मला पाहायला मिळाला नाही, त्या गाडीचं एवढं तरी माझ्या कानांत आहे.

तीन वर्षं पुरी व्हायला चार-पाच दिवस कमी. एवढंच आयुष्य मिळालं त्या विजेच्या मार्गाला.

रेल्वे कुलाब्याला पोचली होती मात्र फार आधी. १८६४ च्या नोव्हेंबरात बीबीसीआयची गाडी ग्रँट रोडपर्यंत आली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हा गोरेगाव नव्हतं, पहाडी होतं. १८७० मध्ये चर्चगेट झालं, १८७३ मध्ये कुलाबा. १८९६ मध्ये कुलाब्याला नवं, पक्कं स्थानक उभं राहिलं. शेजारी कापसाचं मैदान होतं आणि गाठींचे ढीग रचलेले असत. हा कापसाचा पसारा पुढे शिवडीला गेला आणि तिथल्या स्टेशनाचं नावच कॉटन ग्रीन पडलं. लांब पल्ल्याच्या गाड्याही कुलाब्याहून सुटत. १९२८ च्या सप्टेंबरात पेशावरची फ्रंटियर मेल सुरू झाली. बोटीच्या मोसमात ती बॅलार्ड पिअरवरून प्रवासी घेई, एरवी तिचं मुंबईतलं ठाणं कुलाबाच. पेशावर आणि कुलाबा ही दोन नावं एका गाडीच्या पाटीवर होती, ही गोष्ट मला अजून नीट पचत नाही. आज पेशावर वेगळ्या देशात आहे आणि कुलाबा स्थानक कुठेच नाही.

हा मार्ग आला कुठून, हे कळलं तेव्हा मात्र मी बराच वेळ नकाशा घेऊन बसून राहिले. बॅकबेच्या काठाने रूळ टाकायला जमीन नव्हतीच. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हे लोकांना कळेना. मग समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यात बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. प्रेमचंद रायचंदांसारखा बडा कापूसव्यापारी बुडाला, बँका बुडाल्या, घरंच्या घरं धुळीला मिळाली. त्या सगळ्या वेडातून काठाशी जो जमिनीचा पट्टा हाती लागला, त्यावर बीबीसीआयने कुलाब्यापर्यंत रूळ टाकले. समुद्र बुजवण्याच्या एका फसलेल्या स्वप्नाने शहराला ही गाडी दिली. आणि पन्नासेक वर्षांनी तसल्याच दुसऱ्या स्वप्नाने ती काढून घेतली.

दुसरं स्वप्न गव्हर्नर जॉर्ज लॉइडचं. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि बॅकबेतली ११४५ एकर जमीन समुद्रातून वर काढायची, असं ठरलं. याच खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळी बांधल्या. आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा-पणजोबा त्या चाळींत राहिले, तिथून गिरणीत गेले, तिथेच त्यांच्या मुलांची लग्नं झाली. पण ती चाळ बांधणारं खातं आणि कुलाब्याची गाडी घालवणारं खातं एकच, हे चाळीत कुणाला ठाऊक असल्याचं मी ऐकलेलं नाही. बॅकबेत बांध घातले, ड्रेजरने बंदरातला गाळ उपसून पाइपांनी आत ओतायचं काम सुरू झालं, आणि आत ओतलेला गाळ पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला. खर्च वाढत गेला. तेव्हा खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने कौन्सिलात आणि वर्तमानपत्रांत या कारभाराचे वाभाडे काढले. योजनेतल्या हार्वे नावाच्या इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. परकी सरकार, परका इंजिनिअर, सरकारी पैसा, आणि एक माणूस आकडे हातात घेऊन उभा! नरिमन पॉइंटला त्यांचं नाव आहे, पण तिथल्या काचेच्या इमारतींत कामाला जाणाऱ्यांना ही लढाई कुणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात ती यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

योजना ठरल्यापेक्षा बरीच लहान झाली, पण रेल्वेचा तो पट्टा मात्र तिने गिळलाच. भराव झाला की रुळांच्या पलीकडे समुद्राऐवजी विकायचे भूखंड येणार होते आणि जुनं शहर व ही नवी जमीन यांच्यामध्ये रूळ आडवे पडले होते. ते काढायचे ठरले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडला बॉम्बे सेंट्रल बांधलं. १८ डिसेंबर १९३० ला ते उघडलं. आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कुलाबा बंद झालं. १९३१ उजाडलं ते चर्चगेटला शेवटचं स्टेशन करूनच.

गाडीत माणसं होती. तोट्यात गेली म्हणून ती बंद झाली नव्हती.

हेच मला पुन्हा पुन्हा टोचतं. ट्रामचं तसं नव्हतं. बसगाड्या वाढल्या, मोटारी वाढल्या, रस्ते अपुरे पडले, ट्राम थकत गेली आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली. तिला निरोप द्यायला माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहिली, तिची वर्णनं छापून आली, दादर टीटीच्या (ट्राम टर्मिनसच्या) नावात ती अजून आहे. हुतात्मा चौकात खोदताना जुने रूळ निघाले की बातमी होते आणि म्हातारी माणसं ती मोठ्याने वाचून दाखवतात. कुलाब्याच्या लोकलला असं काहीच मिळालं नाही. विजेची गाडी नव्याने आली होती, खांब अजून नवे होते, धोतरं स्वच्छ राहू लागली होती, आणि तेवढ्यात ती गेली. तिच्यातून जाणारी माणसं साधी होती. कचेऱ्यांतले कारकून, गोदीतले हिशेबनीस, मासळीवाल्या, पलटणीतले शिपाई. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं असेल? बायोआत्याच्या वडिलांनी काय केलं ते मला माहीत आहे. ते चर्चगेटला उतरून कुलाब्यापर्यंत चालत जाऊ लागले आणि निवृत्त होईपर्यंत चालत राहिले. पावसाळ्यात कोरडं धोतर पिशवीत घालून नेत आणि कचेरीत बदलत. बायोआत्या हे सांगताना चिडायची नाही. "सरकारला जागा हवी होती," एवढंच म्हणायची. चिड मला येते, तिच्या वाटणीची.

आणि तरीही ओव्हलवर गेलं की माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. पूर्वेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, जुनं सचिवालय. सगळ्या इमारती पश्चिमेकडे तोंड करून उभ्या, कारण त्या बांधल्या तेव्हा समोर समुद्र होता, मध्ये फक्त मैदान आणि रुळांची एक रेघ. पश्चिमेला, जिथं रूळ आणि पाणी होतं तिथे, महर्षी कर्वे रस्ता आणि त्याच्या कडेने १९३० च्या दशकातली घरं. वळसेदार सज्जे, पिस्ता आणि फिकट पिवळे रंग, फाटकांच्या लोखंडी जाळीतून उगवणारे सूर्य, जिन्याच्या उंच काचा. इरॉस चित्रपटगृहही याच भरावावर, १९३८ चं. या घरांवर माझा जीव आहे. संध्याकाळी मैदानावर मुलांचे चार-पाच सामने एकमेकांत घुसलेले असतात, ताडांच्या सावल्या लांबत जातात, आणि त्या सज्ज्यांवर तांबूस उजेड पडतो, तेव्हा इथून हलावंसं वाटत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं तेव्हा मी घरी गोड केलं होतं. रूळ राहिले असते तर यातली एक रांग कदाचित उभीच राहिली नसती. बायोआत्याच्या वडिलांची पायपीट आणि माझी ही आवडती संध्याकाळ एकाच निर्णयातून आलेली आहे. दोन्ही पारड्यांत टाकून बघते, पारडं कुठेच स्थिर होत नाही.

पण एक गोष्ट तेव्हाही करता आली असती, असं मला ठामपणे वाटतं. भराव घातला तेव्हा जमीन कोरी होती. तिच्यावर मोटारींसाठी रुंद, सरळ रस्ते आखले. त्याच कोऱ्या कागदावर पश्चिमेकडे सरकवून रुळांसाठी एक अरुंद पट्टा ठेवायला किती जागा लागली असती? तो ठेवला नाही. पुढे त्याच जमिनीवर सचिवालय आलं, नरिमन पॉइंटला कचेऱ्यांचे मनोरे आले, विधान भवन आलं. राज्याचा कारभार आणि देशातला केवढा तरी व्यवहार ज्या तुकड्यावर एकवटला, तिथली गाडी आधीच काढून टाकलेली होती. मग पिढ्यान्‌पिढ्या माणसं चर्चगेटला उतरून चालत राहिली. सकाळी साडेनऊला चर्चगेटच्या दारांतून बाहेर पडणारा तो लोंढा, घाम, डब्यांच्या पिशव्या, टॅक्सीवाल्यांचे "एक सीट, एक सीट", सबवेतल्या फेरीवाल्यांचे हाकारे. मला तो सारा कुलाबा स्थानकाच्या जाण्याचा भाग वाटतो. दीड-दोन किलोमीटरचा तुकडा, पण त्याची किंमत रोज कुणाच्या तरी पायांनी मोजली.

त्या मेट्रोच्या फेरीनंतर एका दुपारी मी चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत चालत गेले. इमारतींच्या भिंती, झाडांच्या रांगा, रस्त्याचं वळण, कुठे काही सापडतं का ते पाहत. कूपरेजपाशी बँडस्टँड, घोड्यावर बसलेलं पोर, शेंगदाणे भाजल्याचा वास. पुढे रहदारी विरळ होते आणि वाऱ्याला मासळीचा वास येऊ लागतो. जिथं कुलाबा स्थानक होतं तिथे आता बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. जमीन रेल्वेचीच राहिली आहे, हे बघून मला अनपेक्षितपणे बरं वाटलं. मोठी जुनी झाडं, कुंपणाआड वाळत घातलेले कपडे, सायकल शिकणारी मुलगी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी विचारलं, इथे पूर्वी स्टेशन होतं, ठाऊक आहे का? तो भला माणूस होता. त्याने मला चर्चगेटला कोणती बस जाते ते समजावून सांगितलं. समोरच्या मच्छीमार वस्तीत जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आमचे आजे बोलायचे. आगगाडी यायची म्हणून." त्यापुढे त्यांच्याकडेही काही नव्हतं. मुख्य म्हणजे त्यांना ते खोटं वाटत नव्हतं. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

२०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. चर्चगेट, विधान भवन, कफ परेड. कुलाबा स्थानकाची जागा कफ परेडपासून थोड्याच अंतरावर आहे. गाडी विजेचीच, फक्त जमिनीखालून. जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी. त्याच भरावाच्या पोटातून बोगदे काढायला काय कष्ट आणि पैसा लागला, हे मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पत्र्यांच्या कुंपणांबाहेरून बघितलं आहे. मला ही मेट्रो हवी होती आणि ती आल्याचा मला फार आनंद आहे. शेजारच्या त्या बाईंइतकाच. पण नवीन स्थानकांत भिंतीवर केवढी जागा आहे! विधान भवनच्या फलाटावर एक जुना नकाशा लावता आला असता, समुद्राच्या काठाने कुलाब्याकडे जाणारी रेघ दाखवणारा. वर सरकत्या जिन्याने जाणाऱ्या माणसाला कळलं असतं की आपण पहिले नाही. आपल्या आधीही कुणी विजेच्या गाडीने इथून रोज कामाला जात होतं आणि संध्याकाळी घरी परतत होतं.

तेवढी एक मागणी मी आता लेखी करणार आहे. पश्चिम रेल्वेचं मुख्यालय चर्चगेट स्थानकासमोरच आहे. ती बीबीसीआयचीच जुनी इमारत. अर्जात पाट्यांसाठी तीन जागा सुचवते आहे. चर्चगेटला जिथं रूळ संपतात तिथे, विधान भवनच्या फलाटावर, आणि बधवार पार्कच्या कुंपणावर, बाहेरच्या बाजूने, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल अशी. शेवटच्या पाटीचा मजकूरही मी लिहून दिला आहे: इथे कुलाबा स्थानक होतं, १८७३ ते १९३०, ५ जानेवारी १९२८ पासून इथून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावत, समुद्रात भराव घालण्यासाठी हा मार्ग बंद करण्यात आला. मजकूर मराठीत आधी, मग बाकीच्या भाषा. मेट्रोच्या कार्यालयाकडे दुसरी प्रत जाईल. दोन्हीकडून उत्तर आलं नाही तर पावसाळ्यानंतर पुन्हा लिहीन.